शेतकरी कंपनी उभी करणाऱ्या संस्थेला सरकार किती पैसे देते? कास्तकारानं कुठं काय तपासायचं?

महाल (नागपूर) : गावात मीटिंग होते. शहरातून दोघं-तिघं येतात. ग्रामपंचायतीत नाही तर समाजमंदिरात सतरंजी अंथरली जाते. "दोन हजार रुपये शेअर भरा, सरकारही तेवढेच टाकते, आपली कंपनी होईल," असं सांगितलं जातं. आधार, सात-बारा, बँक पासबुक यांच्या झेरॉक्स गोळा होतात. पुढं सहा महिन्यांनी कंपनीचं नाव असलेला फ्लेक्स लागतो. वर्षा-दोन वर्षांनी मात्र पारावर एकच चर्चा असते, सरकारचे लाखो रुपये आले म्हणतात, ते गेले कुठं?

संशय घेणाऱ्याचं पूर्ण चूक नसतं आणि संस्थावाल्याचंही पूर्ण चूक नसतं. या योजनेत पैसा एका वाटेनं येत नाही. त्याच्या तीन वेगळ्या वाटा आहेत आणि त्यातली एक वाट शेतकरी कंपनीकडे वळतच नाही. काटोल-नरखेडचा संत्रावाला असो, भिवापूर-उमरेडकडचा मिरचीवाला असो की मौदा-रामटेकचा धानवाला, शेअरचे पैसे भरण्याआधी एवढं समजून घेतलेलं बरं.

योजना कोणती?

केंद्र सरकारची "१०,००० शेतकरी उत्पादक संस्थांची स्थापना व प्रोत्साहन" ही ती योजना. तिची सुरुवात २९ फेब्रुवारी २०२० रोजी चित्रकूटला झाली. एकूण तरतूद ६,८६५ कोटी रुपयांची. त्यातले ४,४९६ कोटी पहिल्या टप्प्यासाठी, म्हणजे २०२३-२४ पर्यंत. उरलेले २,३६९ कोटी २०२४-२५ ते २०२७-२८ या काळात आधीच उभ्या राहिलेल्या संस्थांचा हात धरण्यासाठी. नाबार्ड, लघु कृषक कृषी व्यापार संघ (एसएफएसी) आणि राष्ट्रीय सहकार विकास महामंडळ (एनसीडीसी) या सुरुवातीच्या अंमलबजावणी यंत्रणा. नंतर त्यांत आणखी भर पडली.

या यंत्रणांचे अधिकारी गावोगाव फिरून सभासद जमवू शकत नाहीत. म्हणून मधे एक संस्था नेमली जाते. तिला क्लस्टर बेस्ड बिझनेस ऑर्गनायझेशन म्हणतात, बोलताना सगळे सीबीबीओ म्हणतात. ती सेवाभावी संस्था असू शकते, तशीच खाजगी कंपनी किंवा कृषी विद्यापीठही असू शकतं. गावात सतरंजीवर बसलेले ते दोघं-तिघं बहुधा हिचेच असतात, किंवा हिनं खाली काम दिलेल्या एखाद्या लहान संस्थेचे.

आता पैशाच्या तीन वाटा.

पहिली वाट सीबीबीओची. एक शेतकरी संस्था उभी करून ती चालती करण्यासाठी तिला पाच वर्षांत जास्तीत जास्त २५ लाख रुपये मिळतात. हे पैसे तिच्याच खात्यात येतात. शेतकऱ्यांच्या कंपनीशी त्यांचा संबंध नाही.

दुसरी वाट कंपनीच्या कारभाराची. तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १८ लाख. यात मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा पगार महिन्याला २५,००० पर्यंत, हिशेबनिसाचा १०,००० पर्यंत, शिवाय नोंदणीचा खर्च, ऑफिसचं भाडं, वीज-फोन, प्रवास असं सगळं बसतं. हिशेब करून पाहा. दोन पगारांचे महिन्याला ३५,००० म्हणजे वर्षाला ४ लाख २० हजार, आणि तीन वर्षांत १२ लाख ६० हजार. अठरापैकी साडेबारा लाखांच्या वर पगारातच जातात. "अठरा लाख आले आणि माल घ्यायला पैसा नाही" ही तक्रार गावोगाव ऐकू येते, पण हा पैसा माल घेण्यासाठी कधी नव्हताच.

तिसरी वाट भागभांडवलाची. सभासदानं जेवढा शेअर भरला तेवढंच अनुदान सरकार टाकतं. मर्यादा सभासदामागे २,००० रुपये आणि एका संस्थेमागे १५ लाख. पूर्ण १५ लाख हवे असतील तर ७५० सभासदांनी प्रत्येकी २,००० भरावे लागतात. मैदानी भागात किमान ३०० सभासद लागतात, तेवढेच असतील तर अनुदान ६ लाखांवर थांबतं. खरेदी-विक्रीसाठी कास्तकाराच्या कामाचा पैसा हा तिसरा, आणि तो शेअर भरल्याशिवाय येत नाही.

संत्र्याचं उदाहरण घ्या. ३०० जणांचे ६ लाख आणि सरकारचे ६ लाख, झाले १२ लाख. पंधरा टनांची एक गाडी किलोला २५ रुपये भाव धरून बागायतदाराकडून रोखीनं उचलली तर पावणेचार लाख लागतात. तीन गाड्या बाहेर गेल्या की भांडवल अडकलं. व्यापाऱ्याकडून पैसे परत येईस्तोवर चौथ्या बागायतदाराला हात जोडायचे. तो दलालाकडे गेला तर त्याला नावं ठेवण्यात काय अर्थ आहे! म्हणून बँकेचं खेळतं कर्ज लागतंच. त्यासाठी योजनेत संस्थेमागे २ कोटींपर्यंतच्या कर्जाला पत हमी आहे, म्हणजे तारण नसलं तरी बँकेला हमीचा आधार मिळतो. पण बँक आधी लेखापरीक्षण झालेला ताळेबंद मागते, आणि बऱ्याच कंपन्यांची गाडी तिथंच रुतते.

संस्थेचा हिशेबही पाहू

२५ लाख हा आकडा मोठा वाटतो. पाच वर्षांत वाटला तर वर्षाला ५ लाख, महिन्याला साधारण ४१ हजार. तेवढ्यात सीबीबीओकडे पाच विषयांचे तज्ज्ञ असावे लागतात : पीक, पणन व प्रक्रिया, समाज संघटन, कायदा व हिशेब, आणि माहिती तंत्रज्ञान. एका शेतकरी संस्थेच्या पैशात पाच माणसं पोसणं अशक्य. मग सीबीबीओ दहा-वीस संस्थांचं काम घेते आणि तीच पाच माणसं सगळीकडे फिरवते. त्यात पैसा टप्प्याटप्प्यानं, कामाचा पुरावा पाहून सुटतो. आधी खिशातून खर्च करायचा आणि मग बिल लावायचं.

याचा परिणाम असा की गावात वीस-वीस वर्षं काम केलेली, पण तिजोरीत काही नसलेली लहान संस्था या शर्यतीत मागं पडते. उलाढाल, अनुभव, मनुष्यबळ यांच्या अटी मोठ्या संस्थांना पेलतात. महालातल्या जुन्या वाड्यांच्या जिन्याजवळ ज्यांच्या पाट्या आहेत, अशा दोन-तीन माणसांवर चालणाऱ्या संस्थांना त्या पेलत नाहीत. त्या मग मोठ्या संस्थेच्या हाताखाली काम करतात. गावातला विश्वास त्यांचा आणि करारावर सही दुसऱ्याची, असा प्रकार होतो. पुढं काही बिनसलं की गावकरी ज्याला ओळखतात त्यालाच धरतात.

संस्थांमार्फत ग्रामोद्योग उभे करण्याची पद्धत आपल्या भागाला नवी नाही. अखिल भारत ग्रामोद्योग संघ १९३४ मध्ये शेजारच्या वर्ध्यातच स्थापन झाला. स्वातंत्र्यानंतर खादी व ग्रामोद्योग आयोग आला, तोही नोंदणीकृत खादी संस्थांमार्फतच काम करत राहिला. १९९२ मध्ये नाबार्डनं बचत गट बँकेशी जोडायला घेतले, तेव्हाही गट बांधणाऱ्या संस्थांना प्रोत्साहन अनुदान मिळू लागलं. महिला आर्थिक विकास महामंडळानं (माविम) तेजस्विनी कार्यक्रमात सेवाभावी संस्थांची मदत घेतली आणि पुढं कारभार बायांच्याच लोकसंचालित साधन केंद्रांकडे गेला. शेतकरी कंपनीच्या बाबतीतही पहिल्या दिवसापासून हेच विचारलं पाहिजे : संस्था बाहेर कधी पडणार आणि तोवर आपल्यातलं कोण तयार होणार?

तीन वर्षांनंतरची कळ

खरी परीक्षा कारभाराचे १८ लाख संपल्यावर होते. पगार बंद झाला की अधिकारी दुसरी नोकरी धरतो. कॉम्प्युटर, पासवर्ड, डिजिटल सही हे सगळं त्याच्याकडे किंवा सीएकडे. संचालक मात्र आपलेच कास्तकार, पाच ते पंधरा जण, ज्यांनी मीटिंगमध्ये हात वर केला म्हणून नाव लागलं.

उत्पादक कंपनी कंपनी कायद्याखाली नोंदलेली असते. वाय. के. अलघ समितीच्या शिफारशीवरून २००२ मध्ये ही तरतूद झाली. दहा उत्पादक एकत्र येऊन ती काढू शकतात आणि शेअर कितीही असले तरी माणसामागे मत एकच. सहकाराचा गुण इथंपर्यंत आहे. पण दंड कंपनीचा आहे. दरवर्षी ताळेबंद (फॉर्म एओसी-४) आणि वार्षिक विवरण (फॉर्म एमजीटी-७) भरावंच लागतं. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये जादा शुल्क. दोन फॉर्मचे दिवसाला २०० आणि वर्षाचे ७३,०००. व्यवहार शून्य असला तरी हे चुकत नाही. सलग तीन वर्षं विवरण भरलं नाही तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात आणि कंपनीचं नाव नोंदवहीतून काढलं जाऊ शकतं. ज्या कास्तकारानं दोन हजार भरले त्याचा तेवढाच तोटा. ज्यानं संचालक म्हणून सही केली त्याच्या मागं मात्र नोटीस लागते.

म्हणून संचालक होताना तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : डिजिटल सही कोणाकडे राहील, सीएची फी चौथ्या वर्षी कोण देईल आणि पासवर्ड लिहिलेली वही कुठं ठेवली आहे. हसण्यावारी नेऊ नये. मेळाव्यात भाषणं पुष्कळ होतात, पण हे तीन प्रश्न कोणी विचारत नाही.

ही संस्था सहकारी कायद्याखालीही नोंदवता येते, योजनेत दोन्हीला मुभा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदली तर तालुक्यात सहायक निबंधक आणि जिल्ह्यात उपनिबंधक असतो. लेखापरीक्षण आणि ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा हे नियम कास्तकाराला सेवा सोसायटीमुळं आधीच माहीत असतात. तक्रार घेऊन जायला जवळ ऑफिस असतं. तरी आपल्याकडे लोक कंपनीच निवडतात, कारण सोसायटी म्हटलं की निवडणूक आणि राजकारण डोळ्यांसमोर येतं. जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या रोखे घोटाळ्यानं नागपूर जिल्ह्यात सहकारावरचा विश्वास किती उडाला, हे वेगळं सांगायला नको. पण पोरगं चार चौकात नापास झालं म्हणून शाळा वाईट ठरत नाही. दोन्ही कायदे समोर ठेवून सभासदांनी ठरवावं. संस्थेला कोणता फॉर्म सोपा पडतो, यावरून ठरू नये.

आता नवी कंपनी काढून देतो म्हणणारे

हे नीट वाचा. योजनेचं १०,००० चं उद्दिष्ट पूर्ण झाल्याचं पंतप्रधानांनी २४ फेब्रुवारी २०२५ रोजी बिहारमध्ये भागलपूरच्या कार्यक्रमात जाहीर केलं. पुढचा पैसा प्रामुख्यानं आधी मंजूर झालेल्यांसाठी आहे. त्यामुळं आज गावात येऊन कोणी "नवी कंपनी काढू, अठरा लाख मिळवून देतो" म्हणत असेल तर त्याच्याकडे अंमलबजावणी यंत्रणेचं मंजुरीपत्र मागावं. त्यावर आपल्या तालुक्याचं नाव आणि संस्थेचं नाव पाहिजे. फक्त लेटरहेड दाखवला तर चहा पाजून परत पाठवावं. नोंदणीसाठी म्हणून शेअरच्या वर हजार-पाचशे मागितले तर पावती मागावी. मंजूर संस्थेच्या नोंदणीचा खर्च योजनेतच धरलेला असतो.

कंपनी आधीच आहे आणि गोदाम, प्रतवारी यंत्र किंवा प्रक्रिया युनिट हवं आहे, त्यांच्यासाठी वाट वेगळी. जागतिक बँकेच्या मदतीचा राज्याचा बाळासाहेब ठाकरे कृषी व्यवसाय व ग्रामीण परिवर्तन प्रकल्प, म्हणजे स्मार्ट, यात उपप्रकल्पाला ६० टक्के अनुदान ठेवलेलं आहे. एक कोटीचा प्रकल्प असेल तर ४० लाखांची सोय स्वतःच्या भांडवलातून नाही तर बँकेतून करावी लागते. यात पैसा थेट समुदाय आधारित संस्थेला, मधल्या संस्थेला नाही. अर्ज सध्या घेतात की नाही, हे जिल्ह्याच्या आत्मा कार्यालयात विचारावं.

हस्तव्यवसाय, विणकाम, मध, बांबू असल्या कामांसाठी सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची स्फूर्ती योजना आहे. पाचशेपर्यंत कारागिरांच्या समूहाला अडीच कोटींपर्यंत, त्याहून मोठ्या समूहाला पाच कोटींपर्यंत. यात सेवाभावी संस्था अंमलबजावणी संस्था म्हणून अर्ज करू शकते, पण यंत्रसामग्री आणि केंद्र चालवायला कारागिरांची स्वतःची संस्था उभी करावीच लागते. आकडा पाहून धावण्याआधी हे कलम वाचावं.

लहान संस्थांसाठी कागदाचं काम

तालुक्यातल्या ज्या संस्थांना अनुदानासाठी अर्ज करायचा आहे, त्या बहुतेक वेळा कामात कमी पडत नाहीत. कागदात कमी पडतात. केंद्राच्या अनुदानासाठी नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक लागतो. तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, घटना-नियमावली, पॅन, आयकराची १२-अ नोंदणी हे तयारच ठेवावं. पैसा पीएफएमएस प्रणालीतून येतो, त्यामुळं बँक खात्यावरचं नाव आणि नोंदणी प्रमाणपत्रावरचं नाव अक्षरान् अक्षर जुळलं पाहिजे.

सगळ्यात जास्त अडतं ते चेंज रिपोर्टवर. विश्वस्त वारले, बदलले, नवे आले, की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाप्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात तशी नोंद द्यायची असते. संस्था देत नाहीत. दहा वर्षांनी अर्ज करायची वेळ येते तेव्हा परिशिष्टावर दोन स्वर्गवासी आणि एक अमेरिकेला गेलेला विश्वस्त असतो. मग सगळे जुने चेंज रिपोर्ट एकामागून एक मंजूर करून घेईस्तोवर योजनेची मुदत गेलेली असते.

पैसा आल्यावरचे नियमही कडक आहेत. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यावर बारा महिन्यांच्या आत विनियोग प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते दिलं नाही तर पुढचा हप्ता अडकतो. अनुदानावर बँकेत मिळालेलं व्याज संस्थेचं नसतं, ते सरकारजमा करायचं. अनुदानातून घेतलेली गाडी किंवा यंत्र मंजुरीशिवाय विकता येत नाही. अनुदान २५ लाखांहून कमी नसेल आणि संस्थेच्या एकूण खर्चाच्या ७५ टक्क्यांहून कमी नसेल, तर नियंत्रक व महालेखापरीक्षकांनाही हिशेब तपासता येतो.

सभासदानं हिशेब कुठं पाहायचा?

कंपनीची मूळ माहिती, म्हणजे नोंदणीची तारीख, संचालकांची नावं, शेवटचा ताळेबंद कोणत्या वर्षाचा भरला, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट दिसतं. गावातल्या एखाद्या पोराला मोबाईलवर काढायला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे. शेवटच्या ताळेबंदाची तारीख दोन वर्षं जुनी असेल तर काहीतरी गडबड आहे हे धरून चालावं.

भागभांडवलाचं अनुदान आणि कारभाराचा पैसा कंपनीच्या खात्यात येतो, म्हणून त्याचा हिशेब वार्षिक सभेत मागण्याचा सभासदाला हक्क आहे. सीबीबीओच्या २५ लाखांचा हिशेब मात्र कंपनीच्या सभेत मिळणार नाही. त्यासाठी ज्या यंत्रणेनं तिला नेमलं, तिथं माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. कोणत्या तारखेला किती हप्ता दिला, कोणत्या कामाच्या पुराव्यावर दिला आणि आमच्या संस्थेचा भेट अहवाल काय सांगतो, एवढं मागितलं तरी पुरे. अनुदानावर मोठ्या प्रमाणात चालणारी सेवाभावी संस्था स्वतःही या कायद्याखाली येते, असं सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१९ मध्ये सांगितलेलं आहे.

अर्ज करताना कंपनीचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक लिहावा, नुसतं गावाचं नाव लिहिलं तर "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर येऊ शकतं. शेअर भरल्याची पावती आणि शेअर प्रमाणपत्र हातात नसेल तर आधी ते मागून घ्यावं, कारण सभासद असल्याचा पुरावा तोच.